मालकी आणि वहिवाट : व्यापारी जागांच्या व्यवसायातील स्त्रिया



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्यांच्या नावाला साजेल असा विषय निवडण्याची जबाबदारी चालकांनी माझ्यावर सोपविली, तेव्हा साहित्य, समाजसुधारणा किंवा तत्त्वज्ञान यांपैकी एखाद्या रुळलेल्या विषयाकडे न वळता मी कचेऱ्या, दुकाने आणि गुदामे यांच्या बाजाराकडे वळले, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. व्यापारी मिळकतीची चर्चा सरस्वतीच्या दरबारात सहसा होत नाही. ती दलालांच्या पेढीवर, सॉलिसिटरांच्या दप्तरात आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत होते. परंतु ज्या शहराचा निम्मा इतिहास समुद्रात भराव घालून जमीन निर्माण करण्याचा आणि उरलेला निम्मा ती जमीन भाड्याने देण्याचा आहे, त्या मुंबईत राहून स्त्रियांच्या उन्नतीचा विचार शाळा, संसार आणि मतपेटी एवढ्यांपाशीच थांबविणे हे मला अपुरे वाटते. शहरातील संपत्तीचा फार मोठा भाग ज्या व्यवसायात साठविला जातो, त्या व्यवसायात स्त्री कोठे उभी आहे, तिथे ती कशी पोहोचली आणि तिच्या पुढच्या वाटेत नेमके काय आडवे येते, हा माझा आजचा विषय आहे.

माझे म्हणणे आरंभीच थोडक्यात मांडते. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात दोन निरनिराळे अधिकार असतात : एक मालकीचा, जो दस्तावर लिहिला जातो, दुसरा वहिवाटीचा, म्हणजे ती मिळकत कोणाला द्यायची, कोणत्या भाड्याने द्यायची, कोणाकडून काढून घ्यायची आणि आलेल्या पैशाचे काय करायचे हे ठरविण्याचा. स्त्रीला मालकी मिळाल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात प्राचीन आहेत आणि आज तर कायदा बव्हंशी तिच्या बाजूचा आहे. वहिवाट मात्र तिला तिथेच मिळाली, जिथे व्यवहार कानगोष्टीतून उठून कागदावर आला. या सूत्राला एक मोठा अपवादही आहे आणि तो मी लपविणार नाही.

मुंबईचा इतिहास पाहा. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या निमित्ताने 1661 च्या तहान्वये हे बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि 18 फेब्रुवारी 1665 रोजी हंफ्री कुक याने त्याचा ताबा घेतला, तेव्हा ताब्याचा कार्यक्रम ज्या वाड्यात झाला तो एका स्त्रीचा होता. डोना इग्नेझ द मिरांडा ही दों रॉद्रिगो द मोंसांतो याची विधवा त्या काळी मुंबई बेटाची जमीनदारीण होती आणि लोक तिला बेटाची स्वामिनी म्हणत. पुढे तीन वर्षांनी इंग्लंडच्या राजाने हेच बेट ईस्ट इंडिया कंपनीला सालिना 10 पौंड खंडाने देऊन टाकले. इंग्रजी अमलातील मुंबईचा पहिला मोठा भाडेकरार हा असा झाला, आणि त्या सौद्यात बेटाच्या स्वामिनीला कोणी काही विचारल्याचा दाखला माझ्या वाचनात नाही. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी माहीमची खाडी ओलांडणाऱ्या रस्त्यासाठी 1,57,000 रुपये दिले. तो रस्ता 1845 साली वाहतुकीस खुला झाला आणि त्याने साष्टी व मुंबई जोडली गेली. त्या एका देणगीने खाडीच्या दोन्ही तीरांवरील जमिनींची किंमत कायमची बदलली; परंतु अवाबाईंची कीर्ती दानशूर म्हणून राहिली, शहराचा नकाशा बदलणारी म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. आज आपण लेडी जमशेटजी रस्त्यावरून जातो आणि त्या नावातील लेडी कोण, हेही बहुधा विसरतो.

याच्या उलट वहिवाटीचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे आणि ते आपल्या अधिक जवळचे आहे. 1734 साली पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगीची जहागीर स्वतंत्रपणे लावून दिली. दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा. खासगीला स्वतःचे महाल, स्वतःचे कारभारी आणि स्वतःचे दप्तर. ही व्यवस्था पुढे अहिल्याबाईंच्या हाती आली आणि 1767 पासून 1795 पर्यंत त्यांनी दौलतीचाही कारभार पाहिला. काशीच्या विश्वनाथाचे मंदिर, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा आणि विहिरी यांचे श्रेय आपण त्यांच्या पुण्यशील वृत्तीला देतो आणि ते रास्तच आहे. परंतु हजार कोसांवर चाललेल्या बांधकामाला वेळेवर पैसा पोहोचविणे, कारागिरांचा हिशेब तपासणे आणि बांधलेल्या वास्तूच्या देखभालीसाठी कायमचे उत्पन्न लावून देणे हे केवळ पुण्याने साधत नाही. त्यासाठी दप्तर लागते. अहिल्याबाईंच्या हाती स्वतःचे दप्तर होते, म्हणून त्यांची मालकी कागदावरची शोभा ठरली नाही.

ज्या स्त्रियांच्या हाती दप्तर नव्हते त्यांची अवस्था काय होती, हे सांगायला एक साक्षीदार आहे आणि ती आपल्याच मातीतली आहे. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशकात जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, आणि 1892 साली ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या पदवीची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवी मात्र त्या विद्यापीठाने त्यांना तीस वर्षांनी दिली, कारण 1920 पर्यंत स्त्रियांना पदव्या देण्याचा नियमच तिथे नव्हता. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे असहाय वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांची नेमणूक झाली आणि जवळजवळ वीस वर्षे त्यांनी पडदानशीन जमीनदारणींच्या इस्टेटींचे काम पाहिले. सुमारे 600 स्त्रिया आणि अनाथ मुले यांचे हक्क त्यांनी सांभाळले असे सांगितले जाते. त्यांचे हे काम म्हणजे आपल्या विषयाचा पहिला पाठच होय. या जमीनदारणी कायद्याने लक्षावधींच्या मालकिणी होत्या, परंतु पडद्याआड बसल्यामुळे आपल्या गावांचा वसूल किती, कोणत्या कागदावर आपला अंगठा उमटला आणि दिवाणजीने कोणती जमीन कोणाच्या नावे केली, यातले त्यांना यत्किंचितही ठाऊक नसे. सोराबजी पडद्याच्या आत जाऊन कागद वाचून दाखवीत, हिशेब मागवीत आणि कज्जे सरकारदरबारी मांडीत. वकिलीची सनद स्त्रियांना मिळण्याचा कायदा 1923 साली झाला. त्याआधी जवळजवळ दोन दशके या स्त्रीने सनदेवाचून स्थावर मिळकतीचे व्यवस्थापन करून दाखविले होते.

यानंतर कायद्याची वाटचाल झपाट्याने सांगते, कारण ती आपणांस परिचित आहे. 1874 च्या कायद्याने काही विवाहित स्त्रियांची स्वकमाई त्यांची ठरली; 1937 च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क दिला. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, आणि त्याच बिलातून पुढे आलेल्या 1956 च्या वारसा कायद्याच्या 14 व्या कलमाने हयातीपुरत्या हक्काचे रूपांतर पूर्ण मालकीत केले. तरीही त्याच कायद्याचे 23 वे कलम सांगत होते की पुरुष वारस वाटणी मागेपर्यंत स्त्रीवारसाने राहत्या घराची वाटणी मागू नये. एका कलमाने मालकी दिली आणि दुसऱ्याने वहिवाट रोखून धरली, असा हा प्रकार होता. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, परंतु त्याआधी विवाह झालेल्या मुलींना वगळले. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली, 23 वे कलमही गेले, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलेसुरले संशय दूर केले. कायद्याच्या पुस्तकात आता स्त्रीला मागण्यासारखे फारसे उरलेले नाही.

मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील बाकावर काय दिसते? दुकानाच्या साठेखतावर पत्नीचे नाव पहिले असते आणि तिच्या वतीने कुलमुखत्यारपत्र पतीच्या नावे असते. कंपनीच्या संचालक म्हणून सासूबाई आणि सूनबाई दोघींच्या सह्या असतात आणि कोणत्या गाळ्यावर किती कर्ज काढले हे दोघींनाही माहीत नसते. बहिणीच्या वाट्याला आलेल्या पेठेतल्या दुकानाचे हक्कसोडपत्र रक्षाबंधनाच्या आसपास तयार होते. महाराष्ट्र सरकारने 1 एप्रिल 2021 पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. परंतु ती सवलत राहत्या घराला आहे, दुकानाला किंवा कचेरीला नाही. धोरण आखणाऱ्यांच्या मनातही स्त्री आणि स्थावर यांचा संबंध उंबरठ्यापाशी थांबतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

आता या व्यवसायाच्या अंतरंगात शिरू. मुंबईत फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट या भागांत कचेऱ्यांच्या इमारती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभ्या राहिल्या. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाडेकरूला जवळजवळ वंशपरंपरेचे संरक्षण दिले. युद्धोत्तर टंचाईच्या काळात त्यामागचा हेतू चांगला होता. परंतु त्यामुळे जागेची खरी किंमत भाड्यात न दिसता पागडीत, म्हणजे भाड्याखेरीज वरून द्याव्या लागणाऱ्या रकमेत, दिसू लागली, आणि पागडी ही बेकायदा असल्यामुळे ती रोखीने, तोंडी आणि दारे लावून द्यावी लागे. अशा बाजारात ज्ञान म्हणजे कोणत्या इमारतीतला कोणता पारशी म्हातारा निवृत्त होणार आहे, कोणत्या पेढीचे दिवाळे निघण्याच्या बेतात आहे आणि कोणता घरमालक किती रोख मागतो याची खबर. ही खबर शेअरबाजाराच्या पायऱ्यांवर, क्लबात, इराण्याच्या हॉटेलात आणि रात्रीच्या बैठकीत मिळे. वचन तोंडी, पावती नाही, आणि भांडण झालेच तर न्यायालयात जाण्याची सोय नाही. ज्या व्यवसायाची सर्व विद्या अशा बैठकींत वाटली जाते त्यात स्त्रीला कोणी मज्जाव करण्याची गरजच पडत नाही. ती आपोआप बाहेर राहते. त्या काळात या बाजारात स्त्रिया का नव्हत्या याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधणारे लोक बाजाराचा स्वभाव तपासायला विसरतात.

हा बाजार बदलला तो कोणा समाजसुधारकाच्या आग्रहाने बदललेला नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंडावली आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीवर नव्या बांधकामाचा मार्ग मोकळा केला. ज्या परळ-लालबागेत लाखो कामगारांचे संसार सूत आणि कापडावर चालत होते तिथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या परिवर्तनात गिरणी कामगारांच्या वाट्याला काय आले हा एक स्वतंत्र आणि कटू अध्याय आहे. 1991 सालीच अर्थव्यवस्था खुली झाली व परदेशी बँका आणि कंपन्या जागा शोधीत आल्या. त्यांना पागडी देता येत नव्हती, कारण ती त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत मांडता येत नव्हती. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी 1977 पासून विशेष नियोजन प्राधिकरण असलेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने तेथील भूखंड 80 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा क्रम ठेवला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली ती 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्याने, जो 31 मार्च 2000 पासून अमलात आला : बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा अधिक वसूल भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा नियंत्रणातून वगळल्या गेल्या, आणि भाड्याचे व लिव्ह अँड लायसन्सचे करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे झाले. मोठ्या कचेऱ्यांचे भाडे जे आहे ते कराराच्या कागदावर आले. 2002 पासून दस्तनोंदणी संगणकावर आली आणि मग कोणत्या इमारतीत कोणी किती भाड्याने जागा घेतली हे पाहण्यासाठी कोणाच्या बैठकीत जाऊन बसण्याची आवश्यकता उरली नाही.

याच सुमारास कायदा, वास्तुशास्त्र, मूल्यांकन आणि व्यवस्थापन शिकलेल्या मुली मिळकत-सल्लागार कंपन्यांत दाखल होऊ लागल्या. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. वित्तपुरवठ्याच्या क्षेत्रात तर ही गोष्ट आधीच दिसली होती : 1977 साली स्थापन झालेल्या एचडीएफसी या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीत रेणू सूद कर्नाड दुसऱ्याच वर्षी रुजू झाल्या आणि 2010 साली तिच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. जिथे कर्ज देण्याचा निर्णय मिळकतीचे कागद आणि परतफेडीची ऐपत पाहून, लिखित नियमाने होतो, तिथे निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर स्त्री बसल्याने कोणाचे काही अडत नाही.

व्यापारी जागेच्या भाड्याचे काम म्हणजे जागा दाखविणे आणि दलाली घेणे, असा एक समज आहे. तो दूर करण्यासाठी एक साधा हिशेब मांडते. समजा, 10,000 चौरस फुटांची कचेरी दरमहा दर चौरस फुटास 200 रुपयांनी दिली आहे. वर्षाचे भाडे 2 कोटी 40 लाख रुपये झाले. गुंतवणूकदाराला आठ टक्के परतावा पुरेसा वाटत असेल तर ती मिळकत 30 कोटींची. भाडेकरूविषयी शंका असल्यामुळे त्याने नऊ टक्के मागितले तर तीच मिळकत 26 कोटी 67 लाखांची. भिंत तीच, चटईक्षेत्र तेच, भाडेही तेच. केवळ भाडेकरूच्या विश्वासार्हतेपायी सव्वातीन कोटींहून अधिक रुपयांचा फरक पडला. तेव्हा भाडेकरू कसा निवडावा, किती वर्षे त्याला जागा सोडता येणार नाही अशी अट घालावी, दर तीन वर्षांनी भाडे किती वाढवावे, अनामत किती घ्यावी आणि दुरुस्ती कोणाच्या माथी असावी, हे ठरविणारी व्यक्ती केवळ मध्यस्थ नसते. ती त्या मिळकतीचे मूल्य घडविते. यालाच मी वहिवाट म्हणते. आज या कामात अनेक स्त्रिया निष्णात झाल्या आहेत. परंतु माझ्या पाहण्यात त्यांची गर्दी करारमसुदे, भाडेकरूंशी संबंध, जाहिरात आणि इमारतीची देखभाल या शाखांत आहे. जमीन संपादन आणि भांडवल उभारणी या दोन शाखांत, जिथे पैसा मोठा आणि बोलणी अजूनही खासगी, तिथे त्या तुरळक दिसतात. बाजाराचा जो कोपरा अजून अंधारात आहे तिथेच त्यांची अनुपस्थिती आहे, हे लक्षात घ्यावे.

2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, आणि 1 मे 2017 पासून काम करू लागलेल्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने, विक्रीच्या व्यवहारातील दलालांना नोंदणी सक्तीची केली आणि पुढे प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची झाली. परीक्षेला बसणारी मुलगी कोणाची भाची आहे हे परीक्षक विचारीत नाही. 2014 साली भांडवलबाजाराची नियामक संस्था सेबी हिने रीटचे, म्हणजे स्थावर मिळकतीत गुंतवणूक करणाऱ्या न्यासांचे, नियम केले आणि 2019 साली असा पहिला न्यास बाजारात आला. भाडे देणाऱ्या तयार मिळकतींत किमान 80 टक्के गुंतवणूक आणि वाटपयोग्य उत्पन्नाच्या किमान 90 टक्के रकमेचे वाटप, असे त्याचे बंधन आहे. त्यामुळे गाळा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या शिक्षिकेलाही काही हजार रुपयांत मोठ्या कचेऱ्यांच्या भाड्याचा अंश मिळू शकतो. शिवाय या न्यासांना आपले भाडेकरू, भाडी आणि रिकाम्या जागा वेळोवेळी जाहीर कराव्या लागतात. ते अहवाल वाचणे हे या धंद्याचे उत्तम आणि विनामूल्य शिक्षण आहे.

आता तो अपवाद, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला. व्यवहार कागदावर आला की स्त्रीची अडचण संपते, असे जर कोणी म्हणत असेल तर त्याने अमेरिकेकडे पाहावे. तिथे व्यापारी जागांचा बाजार किती तरी आधीपासून दस्तऐवजी आहे, आणि या व्यवसायातील स्त्रियांची राष्ट्रीय संघटना 1989 पासून काम करीत आहे. त्या संघटनेच्या 2020 च्या पाहणीत व्यवसायातील स्त्रियांचे प्रमाण सुमारे 37 टक्के आढळले, परंतु सर्वोच्च पदांवर ते सुमारे 9 टक्केच होते. याहून बोधप्रद असा एक भेद त्या पाहणीत आहे : ठरावीक पगारात स्त्री आणि पुरुष यांतील तफावत सुमारे 10 टक्के, आणि दलाली व बक्षिसी यांत ती सुमारे 56 टक्के. पगार ठरतो तो पदाच्या श्रेणीवरून. दलाली ठरते ती कोणता ग्राहक कोणाच्या हाती सोपविला यावरून, आणि ग्राहक सोपविण्याचा नियम कोठेही लिहिलेला नसतो. म्हणजे बाहेरचा बाजार कागदावर आला तरी पेढीच्या आत एक छोटी पागडी-पद्धती शिल्लक राहते. तिथेही अपवादभूत स्त्रिया आहेत. मेरी अ‍ॅन टाय या कलाक्षेत्रातून 1984 साली न्यूयॉर्कच्या या धंद्यात आल्या, 2010 साली तेथील शंभराहून अधिक वर्षांच्या रिअल इस्टेट बोर्डाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या, आणि नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यात एका प्रकाशनसंस्थेने घेतलेल्या सुमारे दहा लाख चौरस फुटांच्या जागेचा व्यवहार त्यांनी जुळविला. परंतु शंभर वर्षांत एक अध्यक्ष, या गोष्टीचा अभिमान टाय यांनी बाळगावा. बोर्डाने बाळगू नये.

आपल्याकडे ही आतली व्यवस्था अधिकच कडक आहे. एका मोठ्या कचेरीचा करार जुळायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्या मुदतीत बाळंतपणाची रजा आली तर सौदा दुसऱ्याच्या नावे पूर्ण होतो आणि दलाली त्याची होते. 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली, परंतु रजेच्या काळात पिकलेल्या सौद्यातील हिस्सा कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. अर्धवट बांधलेल्या इमारतीची पाहणी करायला जाणाऱ्या अभियंता मुलीला तिथे स्वच्छतागृह नसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त जावे लागणारे प्रत्येक ठिकाण आणि मालकाने पुरविलेल्या वाहनाने तिथवर होणारा प्रवासही येतो. तरी किती बिल्डरांच्या बांधकामाच्या जागेवर तक्रार समितीचा फलक आहे, हे श्रोत्यांनीच पाहावे. आणि त्याच इमारतीच्या पायथ्याशी, पालात राहून विटा वाहणाऱ्या बिगारी बायका आहेत. स्थावराच्या धंद्यात स्त्रियांची सर्वांत मोठी फौज तीच; 50 हून अधिक स्त्रिया कामावर असल्यास पाळणाघर हवे असे 1996 च्या कायद्याने ठरविले, पण गवंड्याच्या थापीपर्यंत या बायकांना पोहोचू देण्याची तरतूद कोणी केलेली नाही.

शेवटी आणखी एका वर्गाचे स्मरण केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. मुंबईच्या मासळीबाजारातील कोळणी पिढ्यान्‌पिढ्या ओट्यावर बसून धंदा करीत आल्या आहेत. आपला ओटा कोठे असावा, कोणते गिऱ्हाईक कोणत्या वेळी येते, शेजारणीशी जागेचा तंटा कसा मिटवावा, ओटा सुनेला कधी द्यावा, हे सर्व त्या जाणतात. व्यापारी जागेची वहिवाट कशी करावी हे शहरात कोणाला शिकायचे असेल तर त्याने त्यांच्याकडे जावे. परंतु त्यांच्याजवळ आहे ती केवळ परवान्याची चिठ्ठी. मंडईची जुनी इमारत पाडून नवी बांधायचे ठरले की नकाशाभोवती बैठक भरते ती मालकांची आणि विकासकांची. डोना इग्नेझपाशी मालकी होती आणि वहिवाट निसटली. कोळणीपाशी वहिवाट आहे आणि मालकीचा कागद नाही. दोन्ही एका हाती आणणे हे यापुढच्या पिढीचे काम आहे.

म्हणून माझी विनंती तीन प्रकारच्या श्रोत्यांना आहे. ज्यांच्या घरी दुकान, गाळा किंवा कचेरी आहे त्यांनी मुलीला हिस्सा तर द्यावाच, पण तो देण्यापूर्वी तिला भाडेकरूंची यादी, करारांच्या मुदती आणि बँकेचे गहाणखत दाखवावे, आणि मुखत्यारपत्रावर तिची सही मागण्याऐवजी भाडेकरूशी बोलणी करायला तिला बसवावे. ज्यांच्या पेढ्या व कंपन्या आहेत त्यांनी ग्राहक कोणाकडे कसा सोपविला जातो आणि रजेवर गेलेल्या व्यक्तीचा सौद्यातील वाटा किती, याचे लेखी नियम करून ते सर्वांना दिसतील असे लावावेत. यात औदार्याचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. आणि या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलींना माझे सांगणे असे की गोड बोलणे आणि सुबक सादरीकरण यांवर विसंबू नका. तीस वर्षांचा शोध-अहवाल वाचायला शिका, मिळकत पत्रिका आणि फेरफार ताडून पाहायला शिका, भाडेपट्ट्याच्या प्रत्येक कलमाची किंमत रुपयांत मांडायला शिका, आणि जमीन व भांडवल या दोन शाखांत आग्रहाने जागा मागा. ज्या कागदावर सही करायची आहे तो न वाचता यापुढे एकाही स्त्रीने सही करू नये, एवढे जरी या सभागृहातून ठरवून आपण उठलो तरी या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.